बावटा, मळभ आणि कॅमेरा

रत्नागिरीत कुणी गळ्यात कॅमेरा अडकवून उतरलं, की रिक्षावाल्यापासून लॉजच्या मालकापर्यंत सगळे एकच सल्ला देतात: संध्याकाळी भाट्याला जा, नाहीतर थिबा पॉइंटला, सनसेट झकास दिसतो. सल्ला चुकीचा नाही. पण डिसेंबर-जानेवारीच्या निरभ्र आकाशात सूर्य समुद्रात बुडतानाचा जो फोटो निघतो, तो रत्नागिरीचा, वेंगुर्ल्याचा की कारवारचा हे काढणाऱ्यालाही पुढे सांगता येत नाही. केशरी गोळा, काळी होडी, झालं. बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण दिसेनासं व्हायला या अक्षांशावर साधारण सव्वादोन मिनिटं लागतात. तेवढा वेळ किनाऱ्यावरचे सगळे मोबाइल एकाच दिशेला उंचावतात आणि मग मंडळी भेळेकडे वळतात. रत्नागिरीचं आकाश बघायचं तर हवा बिघडताना यावं, नाहीतर सुधारताना. म्हणूनच पावसाळ्याच्या दोन टोकांना मी या गावाची वाट धरतो.

गावाची ठेवणच अशी, की आकाशासाठी जागा हुडकावी लागत नाही. रत्नदुर्गाचा डोंगर थेट समुद्रात घुसलेला, तिन्ही बाजूंना पाणी. एका टोकाला दीपगृह, दुसऱ्या अंगाला भगवतीचं देऊळ. उत्तरेला मिरकरवाड्याचं मच्छीमार बंदर आणि त्यापलीकडे मिऱ्याचा डोंगर; दक्षिणेला मांडवीची जेट्टी आणि काजळी नदी समुद्राला मिळते ते भाट्ये. किल्ल्याच्या एका अंगाच्या किनाऱ्याला पांढरा समुद्र म्हणतात, दुसऱ्याला काळा समुद्र. पाणी दोन्हीकडे सारखंच, फरक वाळूचा. मांडवीच्या वाळूत इल्मेनाइट हे लोह आणि टायटॅनियमचं काळं खनिज भरपूर आहे. ओहोटीनंतर ही वाळू ओली असते तेव्हा तिच्यात आकाशाचा रंग गडद उतरतो. पांढऱ्या वाळूवर तोच रंग फिका पडतो. मात्र काळी वाळू चौकटीत जास्त आली की कॅमेरा फसतो, सगळं दृश्य अंधारलेलं आहे असं धरून चित्र उजळ करतो आणि ढगांचं कापड होतं. इथे उजेडाचं माप ढगांवरून घ्यायचं, वाळूवरून नाही.

सूर्यही वर्षभर एका जागी मावळत नाही. जूनच्या अखेरीला तो नेमक्या पश्चिमेच्या जवळजवळ २५ अंश उत्तरेला बुडतो, डिसेंबरात तेवढाच दक्षिणेला. म्हणजे वर्षात सुमारे ५० अंशांची येरझार. मांडवीवरून बघणाऱ्याला जूनमध्ये तो किल्ल्याच्या डोंगराच्या अंगाला सरकलेला दिसतो आणि थंडीत मोकळ्या पाण्यावर. मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी फोटोवरून जागा ठरवणारे इथेच फसतात.

भरती-ओहोटीसाठी मोबाइलवर तक्ते मिळतात, पण कोकणातला जुना हिशोब अजून चालतो. पंचांगातली तिथी घ्यायची, तिला पाऊणने गुणायचं. येईल ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. ओहोटी तिथून सहा तासांवर. फोटो काढणाऱ्याला या पाढ्यातून दोन गोष्टी कळतात. पौर्णिमा किंवा अमावास्या उलटून एक-दोन दिवस झाले की संध्याकाळी पाणी दूर गेलेलं असतं, तेव्हा ओल्या वाळूवर प्रतिबिंबं मिळतात. आणि उधाणाची मोठी भरती इथे भर दुपारी येते. मिऱ्याच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर आपटून लाटा उंच उडतात, ते दृश्य अकरा ते एकच्या दरम्यानचं. एरवी दुपारच्या उजेडाला छायाचित्रकार नाकं मुरडतात. जून-जुलैत मात्र वर जाड ढग असल्यामुळे सावल्या कडक पडत नाहीत आणि पाण्याचा फेस तेवढा पांढरा उठून दिसतो.

जूनमध्ये मिरकरवाडा वेगळाच दिसतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. मोठ्या बोटी दाटीवाटीने बांधून ठेवलेल्या, लहान होड्या वर ओढून झापांनी नाहीतर निळ्या ताडपत्रीने शाकारलेल्या. धक्क्यावर एका शेडखाली एक वयस्कर तांडेल जाळ्याची भोकं सांधत बसले होते. उन्हाची तिरीप होती, समुद्र करडा पण शांत. मी कॅमेरा किल्ल्याच्या दिशेने रोखून उभा. ते जाळ्यावरची नजर न काढता म्हणाले, "वाऱ्याने तोंड फिरवलान. तो डबा आत घाला आता."

"काका, पाऊस येईल?"

"पाऊस काय, यायचाच. वाऱ्याचं बोलतंय मी."

पुढच्या अर्ध्या तासात काय झालं ते सविस्तर सांगण्याजोगं आहे, कारण कॅमेऱ्याला हवं असतं ते हेच. आधी घारी खाली आल्या. मग क्षितिजाजवळचं पाणी, जे मघापर्यंत आकाशाच्याच रंगाचं होतं, ते पाटीसारखं काळं झालं आणि त्याच्या कडेला एक पांढरी रेघ उमटली. ती रेघ म्हणजे पाऊस पाण्यावर आपटत होता ती जागा. तिच्यावर लांबच लांब, खालून सपाट, पुढून किंचित वर उचललेला ढग. कोसळत्या पावसाबरोबर वरची थंड हवा खाली येते, पाण्यावर पसरते आणि पुढची दमट हवा वर लोटते, तेव्हा असा पट्टा तयार होतो. रेघ जवळ येत गेली तशी हवा एकदम गार झाली, ताडपत्र्या फडफडायला लागल्या, आणि बंदराच्या तोंडाशी पाण्याचे तीन रंग एकाखाली एक लागले: जवळ गढूळ तांबूस, मध्ये हिरवट, पलीकडे काळं. हे सगळं चार-पाच मिनिटं टिकलं. नंतर सर अंगावर आली आणि किल्ला, दीपगृह, बोटी, सगळं पुसलं गेलं. चित्र सर येण्याआधीचं किंवा सर गेल्यानंतरचं. सरीच्या पोटात कॅमेऱ्याला करड्या पडद्यापलीकडे काही दिसत नाही.

बंदरात बावटा लागतो तो याच्यापेक्षा मोठ्या हवेसाठी. दिवसा शंकू आणि नळकांडी वर चढवून, रात्री लाल-पांढऱ्या दिव्यांनी हे इशारे देतात. तीन नंबरचा बावटा म्हणजे बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका. हवामान खात्याचा मासळी पकडायला न जाण्याचा इशारा आता मोबाइलवर येतो, पण 'बावटा लागला' हे शब्द बंदरात टिकून आहेत. पावसाच्या इशाऱ्यांचाही हिशोब ठेवावा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की तो जोरदार, ११५.६च्या वर अतिजोरदार, २०४.५ ओलांडला की अत्यंत जोरदार. ऑरेंज अलर्टच्या दिवशी फोटोग्राफर उत्साहात गाडी काढतात. माझ्या मते त्या दिवशी खोलीतच बसावं. सगळीकडे सपाट करडं असतं, रस्त्यावर दरडी असतात आणि हाती काही लागत नाही. खरा दिवस त्याच्या दुसऱ्या दिवसाचा, जेव्हा किनारपट्टीला समांतर असलेला कमी दाबाचा पट्टा विरळ होतो आणि उघडीप पडते. पावसाने हवेतली धूळ धुऊन निघालेली असते, दूरचा सडा जवळ आल्यासारखा दिसतो आणि ढगांत थर पडतात.

२०२५ साली तर कॅलेंडरच कोलमडलं. मोसमी पाऊस दक्षिण कोकणात साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचतो. त्या वर्षी तो २५ मे रोजीच महाराष्ट्रात दाखल झाला. मेअखेरीचे वळवाचे ढग टिपायला बुकिंग करून आलेल्यांना थेट मृगाची झड मिळाली.

वादळांचे फोटो हा वेगळा विषय आणि थोडा अवघडही. ११ नोव्हेंबर २००९ला 'फयान' आलं तेव्हा मासेमारीचा हंगाम ऐन भरात होता; रत्नागिरीच्या नौका समुद्रात होत्या आणि काही खलाशी परत आले नाहीत. ३ जून २०२०ला 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळलं. दापोली-मंडणगडात माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्याच दिवशी 'बसरा स्टार' हे जहाज भरकटून मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं. त्यावरच्या खलाशांना सुखरूप उतरवलं, जहाज मात्र तिथेच अडकलं. पुढची काही वर्षं बंधाऱ्यालगत कलंडलेलं ते गंजकं धूड हा रत्नागिरीतला सर्वाधिक टिपला गेलेला विषय असावा: वर काळं आकाश, खाली फुटणाऱ्या लाटा, मध्ये तांबडं लोखंड. लग्नाआधीचे फोटो काढायलाही जोडपी तिथे यायची. बंधाऱ्यामागे राहणाऱ्यांना मात्र त्या जहाजात फोटो दिसत नव्हता. प्रत्येक उधाणाला ते आपल्या बाजूला किती सरकतंय, एवढंच ते बघत होते.

एक गंमत इथे सांगितली पाहिजे. समुद्र आणि आकाश एकाच चित्रात नीट पकडणं हे छायाचित्रणाच्या अगदी सुरुवातीपासूनचं दुखणं आहे. त्या काळच्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशाला भलत्या संवेदनशील होत्या. समुद्र नीट यावा एवढा वेळ दिला की आकाश कोरं पांढरं. फ्रान्सच्या ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७च्या सुमाराला काही चित्रांत त्यावर तोड काढली: समुद्राची एक प्लेट, आकाशाची दुसरी, आणि छापताना दोन्हींची सांधेजोड. लोक त्या लाटा बघून थक्क झाले. आज मोबाइल एका बोटासरशी गणपतीपुळ्याच्या दुपारवर स्वित्झर्लंडचे ढग चिकटवतो, तेव्हा लबाडी नवी नाही एवढं लक्षात ठेवावं. पावसाच्या फोटोंतही हे चालतं. 'लाइफ' मासिकात १९६१ साली आलेली ब्रायन ब्रेक यांची मान्सूनवरची चित्रमालिका जगभर गाजली; तिच्यातल्या पावसात चिंब झालेल्या मुलीवर, म्हणजे तेव्हाच्या किशोरवयीन अपर्णा सेन यांच्यावर, झारीने पाणी ओतलं होतं. चित्र सुंदरच आहे. पण मला ल ग्रेची जोडाजोड जास्त प्रामाणिक वाटते, कारण त्याचं यंत्रच अपुरं होतं. आजच्या कॅमेऱ्याला ती सबब नाही.

खरा कोकणी पावसाळी उजेड कसा असतो हे पाहायचं तर अविनाश अरुण यांचा 'किल्ला' पाहावा. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात त्याला क्रिस्टल बेअर मिळालं. त्याचं चित्रीकरण रत्नागिरी जिल्ह्यातच, गुहागरच्या परिसरात झालं. दिग्दर्शक स्वतःच छायालेखक असल्यामुळे असेल, त्यात पावसाची सजावट नाही. ओलसर, थिजलेला, सावली नसलेला उजेड आहे तसा ठेवला आहे.

ऑगस्ट उजाडला की समुद्र सोडून सड्यावर चढावं. जांभ्या दगडाची ही उघडी पठारं म्हणजे चहूबाजूंनी आकाश. कातळाच्या खळग्यांत पाणी साठलेलं, त्यात ढग. कडेने बारीक जांभळी-पिवळी फुलं. उक्षीसारख्या गावांत याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीची खोदचित्रं आहेत. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. रेषा उथळ असल्याने डोक्यावरच्या उन्हात ती सपाट दिसतात. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपा उजेड आला की उठतात. खोदकामावर पाय देऊन फोटो काढणारे महाभाग इथेही भेटतात. फुलांवर पालथे पडून फुलांचे फोटो काढणाऱ्यांचे ते भाऊबंद.

सड्यावर विजेची भीती खरी आहे. आपल्याकडे वीज पडण्याच्या घटना मुख्यतः पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, वळवात आणि परतीच्या पावसात घडतात, आणि मोकळ्या पठारावर धातूचा ट्रायपॉड उभा करून बसलेला माणूस हा आजूबाजूचा सर्वांत उंच ठिपका असतो. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळ पडणाऱ्या विजांची सूचना देतं. ते नसलं तरी लखलखाट आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, की गाडीत बसून काचा लावाव्यात.

आता माझ्या मते रत्नागिरीतल्या सर्वांत चांगल्या आकाशाबद्दल. ते ऑक्टोबरात दिसतं आणि समुद्राकडे पाठ केल्यावर दिसतं. ऑक्टोबरच्या उन्हाने जमीन तापते, दुपारी सह्याद्रीच्या रांगेवर ढग फुलायला लागतात आणि चार-पाच वाजेपर्यंत त्यांचे माथे इतके वर जातात, की पुढे चढायला वाव उरत नाही आणि ते ऐरणीसारखे सपाट पसरतात. त्या वेळी किनाऱ्यावर स्वच्छ ऊन असतं. पश्चिमेला कलता सूर्य हे सगळे मनोरे समोरून उजळतो: आधी पांढरे, मग लोण्याच्या रंगाचे, मग गुलाबी, आणि पायथ्याशी घाटावर पडणाऱ्या पावसाची निळी धार. सूर्य बुडाल्यावरही उंचावर ऊन असल्याने माथे काही वेळ पेटलेले राहतात, आणि अंधारलं की आतून विजा चमकतात. भाट्याच्या पुलाजवळून किंवा थिबा पॉइंटवरून पूर्वेकडे काजळीच्या खोऱ्यावर हे दिसतं. ब्रह्मदेशचा राजा थिबा १८८५मध्ये राज्य गमावून पुढे इथे नजरकैदेत आला आणि १९१६ साली इथेच वारला. त्याच्या नावाच्या या जागेवर रोज संध्याकाळी गर्दी होते, आणि सगळी गर्दी पश्चिमेला तोंड करून उभी असते.

ऑक्टोबरचं आकाश कधी दूरच्या वादळाचीही चाहूल देतं. २०१९च्या दिवाळीत 'क्यार' कोकण किनाऱ्यापासून आत समुद्रात घोंगावत होतं. ते किनाऱ्याला न लागता पश्चिमेला गेलं आणि अरबी समुद्रातलं महाचक्रीवादळ ठरलं. पण त्याच्या पावसाने इथली कापणीला आलेली भातं शेतात आडवी झाली.

फोटोग्राफर आणि बागायतदार यांचं आकाशाबाबतचं वैर थंडीत उघड होतं. डिसेंबर-जानेवारीत हापूसला मोहोर येतो. त्याला कोरडी थंडी आणि स्वच्छ ऊन लागतं. दोन-चार दिवस मळभ राहिलं की तुडतुड्यांचा उपद्रव वाढतो, भुरी पडते, फवारणीचा खर्च चढतो. त्यात अवकाळी सर आली तर मोहोर गळतो. नेमक्या त्याच मळभात, ढगांना फट पडून उन्हाचे पट्टे समुद्रावर उतरतात, तेव्हा आरे-वारेच्या वळणावर गाड्या थांबतात आणि 'वा, काय लाइट आहे' चालू होतं. मीही त्यांतलाच. अशा वेळी पावसकडच्या एका बागेत चहा घेताना मालकांनी माझा कॅमेऱ्यातला फोटो पाहिला, "चांगला आलाय" म्हणाले, आणि पुढच्या वाक्यात औषधाच्या दुकानाला फोन लावला.

सामानाचं थोडक्यात. इथली खारी दमट हवा लेन्सच्या आत बुरशी धरवते. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि कॅमेरा कपाटात बंद करून विसरू नये. एसी खोलीतून एकदम बाहेर काढला की काचेवर घाम येतो, म्हणून निघण्याच्या अर्धा तास आधी तो पिशवीसकट बाहेर काढून ठेवावा. लेन्सवर उडालेलं समुद्राचं पाणी कोरड्या फडक्याने पुसलं तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी गोड्या पाण्याने ओलं केलेलं फडकं. छत्री वाऱ्यात टिकत नाही, साधी जाड प्लास्टिकची पिशवी टिकते. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नये. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाकडे आहे.

आणि पाण्यापासून लांब राहा. आरे-वारेचा समुद्र वरच्या रस्त्यावरून जितका देखणा दिसतो तितकाच खाली फसवा आहे. जुलै २०२५मध्ये तिथे चार जण बुडाले. पावसाळ्यात तिथलं चांगलं चित्र रस्त्यावरूनच निघतं, वाळूत उतरायची गरज नसते. एकच खेप जमणार असेल तर ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा निवडा, पौर्णिमा किंवा अमावास्या उलटून एक-दोन दिवस झालेले बघा, म्हणजे परतीच्या पावसाचे ढग आणि संध्याकाळची ओहोटी दोन्ही साधतील. मात्र तेव्हा कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक चालू असतं. गाड्या कमी वेगाने धावतात, वेळा एरवीपेक्षा वेगळ्या असतात. तिकीट काढताना तेवढं तपासून घ्या.